वजन उतरवताना स्नायू कसे टिकवाल? बरीच वर्षे व्यायाम नसलेल्यांसाठी

"डॉक्टर, वजन बारा किलो उतरले, पण आता जिना चढताना पाय भरून येतात. जमिनीवर बसले की उठायला हात टेकावा लागतो. वजन कमी झाल्यावर हलके वाटायला हवे होते ना?"

ओपीडीत हा प्रश्न बऱ्याचदा येतो. विचारणाऱ्यांचे वय साधारण पंचेचाळीस ते पासष्ट असते. वीस-पंचवीस वर्षे नोकरी, दुकान किंवा घर सांभाळण्यात गेलेली असतात आणि शेवटचा व्यायाम शाळा-कॉलेजात झालेला असतो. वजन कसे उतरवले असे विचारले, तर उत्तरही ठरलेले असते: रात्रीचे जेवण बंद केले, पोळ्या चारांवरून दोनांवर आणल्या, भात सोडला आणि सकाळी तासभर चालायला लागलो. यात कौतुक करण्यासारखे पुष्कळ आहे. साखर खाली येते, रक्तदाब सुधारतो, यकृतावरची चरबी घटते. पण उतरलेले बारा किलो म्हणजे सगळी चरबी नव्हे. त्यातला काही भाग स्नायूंचा असतो, आणि भरून येणारे पाय तेच सांगत असतात.

नेमके काय उतरते?

फक्त खाणे कमी करून वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीखेरीज इतर भागांतून जातो. बारा किलोंमागे सुमारे तीन किलो. हे तीनही किलो स्नायूंचे नसतात. त्यात पाणी असते, स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर असते, यकृताचा आकार थोडा कमी होतो तेही असते. पहिल्या आठवड्यात काटा जो झपाट्याने खाली येतो, तो मुख्यतः या पाण्यामुळे. मात्र आहार तुटपुंजा आणि व्यायाम नाही, असे महिनोन्महिने चालले तर स्नायूंचा वाटा वाढत जातो.

शरीराच्या बाजूने पाहिले तर हे साहजिक आहे. स्नायू सांभाळायला रोज ऊर्जा आणि प्रथिने लागतात. आहार कमी झाला आणि स्नायूंकडून जड काम मागितलेच गेले नाही, तर शरीर त्यांच्यावरचा खर्च कमी करते. वापरात नसलेली खोली बंद करून ठेवावी, तसे.

त्यात वयाची भर पडते. चाळिशीच्या आसपास स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि आकारापेक्षा ताकद अधिक वेगाने कमी होते. वयामुळे स्नायू आणि ताकद एका मर्यादेपलीकडे घटली की त्याला सार्कोपेनिया म्हणतात. पोट मोठे आणि हातपाय बारीक अशी ठेवण असली, तर वजन जास्त असूनही सार्कोपेनिया असू शकतो. तो वजनकाट्यावर दिसत नाही.

आपल्याकडे ही ठेवण फार आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंची-वजनाचे गणित सारखे असूनही भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका फोटोने दाखवले. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची सुरुवातच तुटपुंज्या स्नायूंनी होते. त्यातले आणखी गमावणे परवडत नाही.

स्नायू गेल्याने बिघडते काय? जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे स्नायू. ते घटले की मधुमेहाला आवर घालणे अवघड होते. पडण्याचा धोका वाढतो, आणि पडल्यावर हाड मोडले तर उभे राहायला वेळ लागतो. दुसरे असे, की सोडलेले वजन पुन्हा चढते तेव्हा ते प्रामुख्याने चरबीच्या रूपाने चढते. गेलेले स्नायू तेवढे परत येत नाहीत. दर दोन वर्षांनी कडक डाएट करून दहा किलो उतरवायचे आणि दहा किलो चढवायचे, असे ज्यांचे चालू आहे, त्यांचा काटा जिथल्या तिथे असतो. पण प्रत्येक फेरीत आतले स्नायू कमी होऊन चरबी वाढलेली असू शकते.

तुमची ताकद किती आहे? घरी तपासा

हाताचे टेकू नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा. पूर्ण उभे राहा, पुन्हा बसा. असे पाच वेळा, जमेल तेवढ्या लवकर. शेजारी कोणाला तरी मोबाइलवर वेळ मोजायला सांगा. आशियाई लोकांसाठी २०१९ साली तज्ज्ञगटाने ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागत असेल, तर स्नायूंची अधिक तपासणी करावी. गुडघेदुखीमुळेही वेळ लागू शकतो, म्हणून या एका आकड्यावरून स्वतःला कमजोर ठरवू नका. पण आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरी खूण पोटरीची. बसल्या जागी दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून त्या कड्यात पोटरीचा सर्वांत जाड भाग धरा. बोटांचे कडे सैल पडून मध्ये फट राहत असेल, तर स्नायू कमी असण्याची शक्यता असते. पायांवर सूज किंवा चरबी जास्त असेल तर ही खूण फसवी ठरते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते. तुम्ही काहीही प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. वाढलेली साखर, थायरॉइड, क्षय, कर्करोग यांची ती पहिली खूण असू शकते. अशा वेळी व्यायामाच्या आधी तपासणी.

चालणे पुरेसे नाही का?

चालणे हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम आहे आणि ते सोडू नका. पण स्नायू टिकवण्याच्या कामी ते अपुरे पडते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन गटांना कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. एका गटाने चालणे-सायकल असा दमसासाचा व्यायाम केला, दुसऱ्याने वजने उचलण्याचा, तिसऱ्याने दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचे वजन साधारण सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. पण चरबी वगळून उरणारे वजन पहिल्या गटात ५ टक्के घटले, वजने उचलणाऱ्या गटात २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्या गटात ३ टक्के. रोजच्या हालचालींची क्षमता मात्र दोन्ही करणाऱ्या गटात सर्वांत जास्त सुधारली. म्हणून चालणे ठेवा आणि त्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीच्या व्यायामाची जोड द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा.

"पण मी दिवसभर घरकाम करते, पायाला उसंत नसते," असे अनेक गृहिणी सांगतात. ते खरेच असते. मात्र घरकामाने दमणूक होते, स्नायू वाढत नाहीत, कारण रोजचे ओझे तेवढेच राहते. कणीक मळायला वीस वर्षांपूर्वी जेवढा जोर लागत होता, तेवढाच आजही लागतो. स्नायू वाढतो तो त्याच्याकडून कालच्यापेक्षा थोडे जास्त मागितल्यावर.

सुरुवात कशी करावी?

जिमची गरज नाही. एक खुर्ची, एक भिंत, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कापडी पिशवी पुरेशी आहे. व्यायामाचा रबरी पट्टा मिळाला तर उत्तम.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा व्यायाम म्हणजे वर सांगितलेली चाचणीच: खुर्चीतून उठणे-बसणे. तालमीतल्या बैठकांचे हे बालरूप समजा. उठताना पटकन, बसताना तीन आकडे मोजत हळू. खुर्चीवर धपकन बसायचे नाही. स्नायूला खरे काम त्या हळू बसण्यातच पडते. हात न टेकता उठता येत नसेल तर बैठकीवर जाड उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला ती थोडी कमी करा. उलट दहा वेळा सहज जमत असेल तर छातीशी दोन किलोंची तांदळाची पिशवी धरा. गुडघे दुखतात म्हणून हा व्यायाम टाळू नका. गुडघ्याच्या झिजेत मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाल्याने दुखणे कमी होते. फक्त फार खोल बसू नका, आणि सांध्यातली कळ दुसऱ्या दिवशीही टिकली तर उंची वाढवा.

दुसरा, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे टेकवा, कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्या, पुन्हा ढकला. सोपे वाटू लागले की ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. तिसरा, ओढण्याचा. रबरी पट्टा खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवून कोपरे मागे ओढा. पट्टा नसेल तर एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी कमरेपर्यंत उचला. बैठ्या कामाने पुढे झुकलेल्या खांद्यांना याची फार गरज असते. चौथा, कमरेतून वाकून वजन उचलणे: पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, पार्श्वभाग मागे, आणि पिशवी अंगालगत ठेवून उभे राहणे. बादली उचलताना कंबर धरते, त्यांनी हा व्यायाम आधी रिकाम्या हातांनी शिकावा. शेवटी ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घरातल्या घरात अर्धा-एक मिनिट चालणे.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, अशी एक फेरी. पहिले दोन आठवडे एकच फेरी करा, मग दोन, जमल्यास तीन. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. एका वेळी अर्धा तास लागतो.

आता खरी मेख. फेरी संपताना "आणखी दोन-तीन जमले असते, पण त्याहून जास्त नाही" इतपत थकवा आला पाहिजे. वीस जमतील आणि तुम्ही दहाला थांबलात, तर स्नायूला काही कळतच नाही. मी पाहिलेल्या रुग्णांमध्ये व्यायाम करूनही फरक न पडण्याचे हे पहिले कारण असते: सहा महिने त्याच अर्ध्या किलोच्या गुलाबी डंबेलशी मैत्री. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन वाढवा, किंवा हालचाल अवघड करा. वहीत तारीख, वजन आणि किती वेळा हे लिहा.

श्वास रोखू नका. जोर लावताना श्वास सोडा, परत येताना घ्या. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात खूप चढतो.

पहिल्या एक-दोन वेळांनंतर अंग दुखेल. हे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. ते नुकसानीचे लक्षण नाही, तसेच व्यायाम 'लागू पडल्याचे' प्रमाणपत्रही नाही. पुढे दुखले नाही तरी स्नायू वाढत असतात.

आता या वयात स्नायू वाढतील का?

वाढतात. बोस्टनमध्ये १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, वय वर्षे ८६ ते ९६ अशा दहा जणांनी आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम केला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूंचा आकार सुमारे ९ टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ताकद आकारापेक्षा कितीतरी जास्त वाढली, कारण सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: झोपी गेलेले स्नायूतंतू मेंदू पुन्हा कामाला लावायला शिकतो. म्हणून तुम्हालाही तीन-चार आठवड्यांत जिना सोपा वाटू लागेल, पण आरशात काही दिसणार नाही. आकारातला फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

वजन उतरत असताना स्नायू वाढू शकतात का, हाही नेहमीचा प्रश्न. मुरलेल्या खेळाडूला ते अवघड असते. ज्याच्याकडे चरबीचा साठा आहे आणि ज्याने वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्याला मात्र ते शक्य असते. बैठ्या आयुष्याचा एवढा एकच फायदा. तरुणपणी कबड्डी, कुस्ती, खो-खो असे काही केले असेल तर ताकद परत येण्याचा वेग अनेकदा आणखी चांगला असतो.

आणि बायकांना पडणारी भीती: वजने उचलून पुरुषी अंगकाठी होईल का? नाही. रजोनिवृत्तीनंतर तर स्नायू आणि हाडे दोन्ही वेगाने घटतात, त्यामुळे या व्यायामाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते.

ताटात काय हवे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी सुचवलेले प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना आणि स्नायू कमावताना ते कमी पडते. त्या काळात १.२ ते १.५ ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे. वजन फार जास्त असेल तर हिशेब आजच्या वजनावर न करता जिथे पोहोचायचे आहे त्या वजनावर करा. आज ७८ किलो आहात आणि ६५ किलोंवर यायचे आहे, तर रोज साधारण ८० ते ९५ ग्रॅम.

आता एका शाकाहारी घरातला साधा दिवस पाहू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि चहा: ८ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, पातळ वरण, थोडा भात, वाटीभर दही: २३ ग्रॅम. संध्याकाळी चहा-बिस्किटे: ३ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या, भाजी, आमटी-भात: १५ ग्रॅम. एकूण ५० ग्रॅमच्या आत. आणि यातला निम्म्याहून जास्त वाटा पोळी, भात, पोहे यांतून आलेला आहे! डाएट सुरू केल्यावर आपण पहिल्यांदा कमी करतो ते हेच. भात बंद, पोळ्या निम्म्या, रात्रीचे जेवण नाही. म्हणजे प्रथिने २५-३० ग्रॅमवर येतात. पाय का भरून येतात, याचे उत्तर बहुधा इथे सापडते.

म्हणून पोळी-भात कमी करण्याआधी दुसरी बाजू भरा. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली धिरडी आणि मोठी वाटी दही, म्हणजे १९ ग्रॅम. अंडी चालत असतील तर तीन अंड्यांत १८. दुपारी दोन पोळ्या, मोड आलेल्या मटकीची मोठी वाटी उसळ, भाजी आणि ग्लासभर ताक: २० ग्रॅम. चार वाजता मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध: १२. रात्री एक ज्वारीची भाकरी, भाजी, आणि १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम सोया वडी: २५ च्या आसपास. बेरीज ७५ ते ८० ग्रॅम होते आणि उष्मांक १७०० च्या आसपास राहतात. लहान चणीच्या बाईला हे जास्त होऊ शकते. त्यांनी पोळी आणि तेल कमी करावे, उसळ आणि दही नव्हे. मासे, चिकन खाणाऱ्यांचे काम सोपे आहे. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. फक्त तो तळण्यापेक्षा तव्यावर किंवा तिखल्यात बरा.

पातळ वरणाबद्दल थोडे कठोर बोलावे लागते. वाटीभर पातळ वरणात तीन-चार ग्रॅमच प्रथिने असतात. वरण घट्ट करा. शेंगदाणे प्रथिनांसाठी चांगले, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त उष्मांक देतात, म्हणून मूठ लहान ठेवा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन 'हलके खाल्ले' असे समजू नका. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा जवळ करा.

प्रथिने तीन-चार वेळांत विभागून घ्या. वय वाढले की स्नायूंना 'जाग' यायला एका जेवणात जास्त प्रथिने लागतात, साधारण २५ ग्रॅम. डाळ आणि धान्य एकत्र खाल्ल्याने एकमेकांची उणीव भरून निघते, हे आपल्या स्वयंपाकघराला आधीपासून ठाऊक आहे. प्रथिनांची पावडर औषध नाही आणि विषही नाही. दुधातून काढलेल्या पावडरीच्या एका मापात २० ते २५ ग्रॅम मिळतात. ताटातून भागत नसेल तेव्हा घ्यावी. मूत्रपिंडे निरोगी असतील तर वर सांगितलेल्या प्रमाणाने त्यांना अपाय होत असल्याचे दिसलेले नाही. क्रिएटिनीन वाढलेले असेल किंवा लघवीतून प्रथिने जात असतील, तर मात्र प्रमाण तुमच्या डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे.

घाई नको

आठवड्याला अर्धा किलो, सुरुवातीला फार तर एक किलो. याहून झपाट्याने उतरवले तर स्नायूंचा वाटा वाढण्याची भीती असते. रोजच्या आहारातून साधारण ५०० उष्मांक कमी करणे पुरे. लग्नाच्या हॉलची तारीख ठरली म्हणून महिन्यात आठ किलो, हा बेत सोडून द्या.

वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शने, म्हणजे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड, आता अनेक जण घेतात. त्यांनी भूकच मरते, त्यामुळे प्रथिने आपोआप कमी पडतात. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचे शरीर स्कॅन करून पाहिले, त्यांच्या उतरलेल्या वजनात चरबीखेरीजचा भाग सुमारे ४० टक्के होता. औषध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पण ते सुरू करतानाच ताकदीचा व्यायामही सुरू झाला पाहिजे, आणि जेवताना ताटातले पहिले घास उसळ, पनीर, अंडे, मासे यांचे असावेत. पोट भरल्यावर पोळी राहिली तरी चालेल.

झोपेकडेही पाहा. २०१० साली दहा जणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात आहार तोच ठेवून काही दिवस साडेआठ तास आणि काही दिवस साडेपाच तास अंथरुणात राहू दिले. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात चरबी निम्म्याहूनही कमी उतरली आणि बाकीचा भाग जास्त गेला. प्रयोग लहान आहे, तरी रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

प्रगती कशी मोजाल?

काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी. पोटाचा घेर दर पंधरा दिवसांनी, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. भारतीय पुरुषांत तो ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आणि खुर्चीची चाचणी महिन्यातून एकदा. घेर कमी होतोय, खुर्चीचे सेकंद घटताहेत आणि काटा तीन आठवडे हललेला नाही, तर काम उत्तम चालले आहे. चरबी जाऊन स्नायू येत आहेत. काटा भराभर उतरतोय पण सेकंद वाढताहेत, तर थांबा आणि प्रथिने, व्यायाम, वेग हे तिन्ही तपासा. चरबीचे टक्के दाखवणारे घरगुती काटे पाण्याच्या प्रमाणाप्रमाणे आकडे बदलतात, त्यांच्यावर फार विसंबू नका.

सुरू करण्याआधी आणि करताना

हृदयविकार, चालताना छातीत दुखणे किंवा दडपण, चक्कर, १८०/११० किंवा त्याहून जास्त रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया, हर्निया, ठिसूळ हाडांमुळे झालेले फ्रॅक्चर यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय ताकदीचा व्यायाम सुरू करू नका. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा नव्या रक्तवाहिन्या असतील, तर जड वजने उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांची परवानगी हवी. पायांची संवेदना कमी झाली असेल तर घरातही बूट घालून व्यायाम करा आणि रोज तळवे पाहा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी. १०० च्या खाली असेल तर आधी थोडे खावे. आहार कमी आणि व्यायाम सुरू, अशा वेळी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे जुने डोस जास्त होऊ शकतात. थरथर, घाम, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, असे होऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डोस कमी करून घ्या. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे आणि शाकाहारी यांनी बी-१२ तपासावे. थकवा अंगमेहनतीच्या मानाने फारच जास्त वाटत असेल तर थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी क्वचित स्नायू दुखतात. तशी शंका आली तर गोळी परस्पर बंद न करता आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायाम करताना छातीत दुखले, दम अचानक लागला, हृदय अनियमित धडधडले किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबा आणि विश्रांतीने लगेच बरे वाटले नाही तर रुग्णालय गाठा. फार जोरात केलेल्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू कडक होऊन सुजले, दुखणे असह्य झाले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होऊ लागली, तर त्याच दिवशी दाखवा. तुटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडांना इजा करू शकते. अनेक वर्षांनी पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणाऱ्यांत हे होते. तुमच्या पहिल्या दिवसाच्या बैठका आठ. त्याही खुर्चीवर.